बाजारपेठेतले पर्जन्यवृक्ष: काढायचे की राखायचे?

पाणपोईजवळ: गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात पर्जन्यवृक्षाची मांडीएवढी फांदी रसवंतीच्या पत्र्यावर आली. माणसं वाचली, ३ दुचाकी गेल्या. आता रस्त्यावरची ५ही झाडं काढा म्हणून व्यापाऱ्यांचा अर्ज गेलाय. मला तो पटत नाही. मोडलेली जागा मी वाकून पाहिली: आत काळा भुगा, शेजारी जुन्या छाटणीचा वीतभर खुंट. वायरींसाठी दरवर्षी एकाच बाजूच्या फांद्या मधेच तोडतात. खुंट कुजतो, कूज आत उतरते, झाड रस्त्याकडे झुकतं. दोष झाडाचा कसा?

शटरवाला: दोष कुणाचाही असो, पत्रा शेजाऱ्याचा गेला. उन्हाळ्यात त्या चिकट शेंगा गिऱ्हाइकांच्या चपलांना लागून दुकानभर. वर झाड आपलं नाहीच, अमेरिकेकडून आलेलं. काढा आणि कडुनिंब लावा.

नियमावर बोट: मिरचीही तिकडचीच, ठेचा सोडलात का? वृक्ष कायदा १९७५चा आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'पुरातन वृक्ष' ठरतं, आणि एक तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावून ७ वर्षं जगवायची. ही ५ झाडं साठीची धरली तरी ३०० रोपं. लावणार कुठे, तुमच्या ओट्यावर?

शटरवाला: कायद्यानं फांदी अडत नाही हो.

पाणपोईजवळ: हे मात्र खरं. बँकेसमोरच्या झाडाला बुंध्याशी आळंबी आलीय, गटार खोदताना जेसीबीनं त्याची एका बाजूची मुळं उडवली. ते काढावंच लागेल, मी आडवा येणार नाही. बाकी ४ राखता येतील. जड फांदीला आधी खालून खाच, मग जरा पुढे वरून काप, म्हणजे साल सोलत नाही. उरलेला खुंट खोडालगतच्या फुगवट्याबाहेर कापायचा. पेव्हर ब्लॉकही बुंध्यापासून मीटरभर मागे घ्या. दिल्लीत हरित लवादानं २०१३ सालीच तेवढी जागा मोकळी करायला लावली होती.

शटरवाला: वाचायला छान. छाटायला येणाऱ्याचं लक्ष लाकडावर, जाड फांद्या आधी जातात. तिथे उभं कोण राहणार?

पाणपोईजवळ: मी राहतो. तुम्ही याल?

शटरवाला: सही मागे घेत नाही अजून. पण छाटणीचा दिवस कळवा, दुकान तासभर उशिरा उघडेन.