एक एकरावरचं बैठं घर: घ्यायच्या आधी काय काय बघावं? (लूकस, टेक्सास)

माणदेशी
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये सहा वर्षं दुमजली घरात राहतोय. आता लूकसमधलं एक बैठं घर मनात भरलंय. लूकस म्हणजे ॲलनच्या पूर्वेला, लवॉन तलावाकडे जाताना लागतं ते. घर २०१५ सालचं, २,९०० चौरस फूट, चार बेडरूम, तीन गाड्यांचं गराज आणि जागा एक एकर, म्हणजे आपले ४० गुंठे. मागणी साडेआठ लाख डॉलरची आहे.

बैठंच हवंय ते आईसाठी. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. मागच्या वेळी आली तेव्हा सहा महिने खालच्या ऑफिसच्या खोलीत सोफ्यावर झोपली. नातीची खोली वर, म्हणून तिने ती दोनदाच पाहिली. ते माझ्या मनातून जात नाही.

घर बघायला गेले आणि खरं सांगते, भुलले. दहा फुटी छत, स्वयंपाकघरातून थेट मागचं अंगण दिसतं, चार पाखांचं काचेचं सरकतं दार. घरी आल्यावर फोटो मोठे करून बघताना लक्षात आलं, की मागच्या नैऋत्य कोपऱ्यात विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांसारखी तडा गेलीय. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर त्या भेगेत छोटा खिळा आत जातो. एजंट म्हणतो, "इथे सगळ्याच घरांना असतं."

बाबांना (माण तालुक्यात कोरडवाहू शेती) सगळं वर्णन करून सांगितलं. त्यांनी घराबद्दल काही विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, "पाणी कुठनं येतंय आणि कुठं जातंय ते बघ." ऑप्शन पिरियड (ज्या मुदतीत सौद्यातून माघार घेता येते) दहा दिवसांचा आहे, आज तिसरा दिवस. काय काय बघू?

परभणीकर
ताई, तुमच्या वडिलांनी नेमकं तेच विचारलंय. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, २००४ पासून याच भागात काम करतोय.

तुम्ही ज्या जमिनीवर घर घेताय तिला ब्लॅकलँड म्हणतात. आमच्या मराठवाड्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीची ही सख्खी बहीण. इथेही पूर्वी कापूसच पिकायचा. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. ऑगस्टमध्ये इथल्या मोकळ्या रानात जाऊन बघा, भेगेत मनगट जाईल. आपल्याकडे अशा मातीत काळी माती उपसून मुरूम भरतात. इथे घराच्या तळाचा काँक्रीटचा स्लॅब मातीवरच ओततात आणि त्यातल्या पोलादी केबल ताणून ठेवतात. त्याला पोस्ट-टेन्शन स्लॅब म्हणतात. गराजच्या जमिनीवर दाराजवळ काँक्रीटमध्ये "कापू नये" असा शिक्का उमटवलेला सापडेल.

बैठ्या घराची अडचण इथेच आहे. तेवढंच घर दुमजली असतं तर स्लॅब निम्म्यावर आला असता. तुमचा स्लॅब गराज धरून साडेतीन हजार चौरस फुटांच्या वर जाईल. स्लॅबच्या मधोमध मातीतली ओल टिकून राहते, कडेची माती मात्र उन्हाने वाळते. कड खाली बसते आणि कोपरा तडकतो. नैऋत्य कोपरा म्हणजे दुपारचं सगळं ऊन तिथेच. त्यात तिथे जवळ मोठं झाड आहे का ते बघा. ओकची मुळं उन्हाळ्यात स्लॅबखालची ओल ओढून घेतात.

खिळा जाणारी तडा बघून घाबरू नका, पण "सगळ्यांनाच असतं" म्हणून सोडूही नका. आतून त्याच कोपऱ्यातली दारं लावून बघा. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी रेघ निघालीय का, दाराच्या वरची फट एका बाजूला जास्त आहे का, खिडकी अडकते का? मग स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावून पूर्ण स्लॅबची लेव्हल मोजून घ्या. पाचशे ते आठशे डॉलर जातील. फुकट तपासणी करून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला बोलावू नका, त्याला काम विकायचं असतं.

आता पाणी. घराभोवती पहिल्या दहा फुटांत जमीन निदान सहा इंच उतरती हवी. एक एकर डोळ्यांना सपाट वाटतो, पण शेजारच्या दोन-तीन एकरांचं पाणी तुमच्या मागच्या दारावरून जात असू शकतं. पाऊस पडत असताना जाऊन उभ्या राहा. ऑप्शनच्या दिवसांत पाऊस आला तर नशीब समजा.

आणि त्या भागात बऱ्याच घरांना शहराचं ड्रेनेज नाही, सेप्टिक टाकी आहे. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून टाकीत हवा सोडणारी एरोबिक पद्धत वापरतात. स्वच्छ केलेलं पाणी रात्री तुषारांनी गवतावर उडतं. ते तुषार कुठे पडतात हे नकाशावर आखून घ्या. तिथे भाजीचा वाफा करता येत नाही, शेड बांधता येत नाही, पोहण्याचा तलाव तर नाहीच. एक एकर आहे म्हणून मनात जे जे योजलंय, ते उरलेल्या जागेत बसवायचंय.

डॅलसवासी
पैशांच्या काही गोष्टी.

विकणाऱ्याचं घराच्या टॅक्सचं बिल बघून हिशेब करू नका. तो ६५ च्या वरचा असेल तर त्याचा शाळेचा टॅक्स (घराच्या टॅक्समधला शाळांसाठीचा भाग) गोठलेला असतो. शिवाय राहत्या घराचं टॅक्ससाठीचं मूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, ते संरक्षणही त्याच्याबरोबर जातं. तुमच्यासाठी आकडा नव्याने ठरतो.

छपराचं वय विचारा. बैठ्या घराला छप्परही दुपटीच्या आसपास लागतं आणि इकडे गारा नेमाने पडतात. विम्यात गारांसाठी वेगळा, टक्क्यांतला वाटा असतो. घराचा विमा ६ लाखांचा आणि वाटा २ टक्के असेल, तर आधी १२,००० डॉलर तुमच्या खिशातून. आम्ही ही ओळ न वाचता सही केली होती आणि दुसऱ्याच वर्षी भरले. विकणाऱ्याकडून आधीच्या क्लेमचा क्लू रिपोर्ट मागा.

किमतीचं म्हणाल तर पाव एकराच्या चौपट भाव एक एकराला येत नाही. मागचा तुकडा पाडून विकायची परवानगी नसेल, तर अप्रेझर (घराचं मूल्य ठरवणारा) ती नुसती जादा जागा धरतो. तुलना लूकसमधल्या विकल्या गेलेल्या एक एकरी घरांशीच करा, ॲलनच्या घरांशी नको.

नातवंडांची_आजी
अगं बाळ, मी तुझ्या आईच्या जागी आहे म्हणून लिहिते. वर्षातले सहा महिने मॅकिनीला मुलाकडे असते.

आधी त्याचं घर दाटीच्या वस्तीत होतं. जिना होता, गुडघे दुखायचे. पण संध्याकाळी फुटपाथने तळ्याच्या बाकापर्यंत जायचे. तिथे एक गुजराथी बेन आणि दोन तेलुगू बायका भेटायच्या. भाषा जुळत नव्हती, तरी तास जायचा. मग त्याने असंच मोठ्या जागेवरचं बैठं घर घेतलं. घर छान आहे, माझी खोली तर फारच छान. पण दाराबाहेर फुटपाथ नाही, गाड्या जोरात जातात, शेजारचं घर हाक मारली तरी ऐकू जाणार नाही एवढं लांब. गुडघे सुटले आणि पाय घरातच राहिले. चार महिने मी कुणाला बोलले नाही, कारण मुलाने माझ्यासाठीच घेतलं होतं ना.

घेऊ नको असं नाही म्हणत. पण आई दुपारी चार वाजता कुठे जाईल, हे घर घ्यायच्या आधी ठरव. फ्रिस्कोच्या हनुमान मंदिरात आठवड्यातून एकदा कोण नेणार, तेही. अंगणातून घराला एक फेरी मारता येईल अशी फरसबंदी वाट करून घे, सावलीत एक बाक ठेव. आणि बघायला जाशील तेव्हा गराजमधून घरात येतानाची पायरी आणि न्हाणीचा उंबरठा मोजून ये. बैठ्या घरातही तिथेच ठेच लागते.

माणदेशी
सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं उत्तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आम्हा दोघांनाही हे सुचलं नव्हतं. आईला फोन करून सरळ विचारलं. ती म्हणाली, "मला बोलायला माणूस पाहिजे, पण जिना नको." वाट आणि बाक नक्की. शिवाय जवळच्या ग्रंथालयात सकाळी ज्येष्ठांचा व्यायामाचा वर्ग असतो, तो माझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे. गराजची पायरी सात इंच, न्हाणीचा उंबरठा चार.

परभणीकर दादा, इंजिनियर येऊन गेले. स्लॅबच्या दोन टोकांत पाऊण इंचाचा फरक निघाला. या लांबीला तो चालेल, असं त्यांनी लेखी दिलंय. कोपऱ्यापासून नऊ फुटांवर ओक आहे, तो तोडायचा नाही, पण मुळांना अडवणारी भिंत घालायची आणि उन्हाळ्यात कडेने पाझरणारी नळी सोडायची. सेप्टिकचा हवेचा पंप मात्र बंद पडलेला आहे. विकणाऱ्याने तो बदलून द्यायचं कबूल केलंय. छपराचं वय आणि क्लू रिपोर्ट अजून यायचाय, तीन दिवस मुदत वाढवून घेतली.

आणि काल पाऊस आला. मी छत्री घेऊन मागच्या अंगणात उभी राहिले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ईशान्येकडच्या कुंपणाखालून पाणी आत येत होतं, पण घरापासून पंधरा-वीस फुटांवरून उथळ चरीने वळसा घालून रस्त्याकडे जात होतं. एका जागी चर गवताने भरलीय, तिथे तुंबत होतं. बाबा फोन जवळ धरून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तेवढी चर मी आलो की मोकळी करतो."