‘इंजिन टाइट आहे, मोकळं होईल’ : काम करून आणलेली गाडी उकळली, तेव्हाचे तुमचे अनुभव

“आत्ताच बांधलंय, टाइट आहे. हजार किलोमीटर पळवा, मोकळं होईल.” हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी हा धागा. मी ते एका पावसाळ्यात चार वेळा ऐकलं.

गाडी मारुती ८००, कार्बोरेटरवाली. निळा धूर सोडायची, ऑइल प्यायची, म्हणून इंजिन उतरवलं. बोअर (सिलिंडर आतून कापून नीट करणं), पिस्टन, रिंगा, हेडला फेस (इंजिनचं वरचं झाकण घासून सपाट करणं), सगळं झालं. चिपळूणहून कराडला निघालो. कुंभार्ली घाटात एका ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर अडकलो आणि तापमानाचा काटा लालवर. बाजूला घेतली तर बॉनेटखालून चहाच्या आधणासारखा आवाज.

मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून टाकला (हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय). मग रेडिएटर धुतला. मग नवा वॉटर पंप. गाडी तशीच. गंमत म्हणजे सरळ रस्त्यावर साठच्या वेगात काटा मधोमध. बाजारपेठेत दहा मिनिटं अडकलो की वर. ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर होती, पण त्यातून काही निघतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांनी एकच विचारलं, “उभी असताना तापते की पळताना?” मी उभी म्हटल्यावर त्यांनी इंजिन चालू ठेवायला लावलं. पंखा सुरू झाला तसं पेपरचं अर्धं पान फाडून रेडिएटरच्या पुढे धरलं. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो फडफडत त्यांच्या चष्म्यावर आला. इंजिन बसवताना पंख्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. पंखा हवा ओढण्याऐवजी इंजिनची गरम हवा पुढे ढकलत होता. वेगात समोरून वारा येतो, म्हणून तिथे भागत होतं. वायरी बदलायला दोन मिनिटं लागली. नवा थर्मोस्टॅटही बसवून घेतला, कारण त्याच्याशिवाय सकाळी गाडी गरमच होईना.

आता तुमचं सांगा.

जीपवाला

आमची डिझेल जीप. हेड गॅसकिट (हेड आणि इंजिनच्या ब्लॉकमधलं पॅकिंग) बदललं, तिसऱ्या दिवशी पाणी फेकायला लागली. परत हेड उतरवलं. मिस्त्री म्हणे हेड वाकलंय, नवीन टाका. मी नशिबाने जुनं गॅसकिट फेकलं नव्हतं. नव्याच्या शेजारी ओट्यावर ठेवलं. बोल्टची भोकं तंतोतंत, पण पाण्याची तीन भोकं नव्यात नव्हतीच. दुसऱ्या मॉडेलचं निघालं. मागच्या बाजूला पाणी जायला वाटच नव्हती. तेव्हापासून काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून घरी आणतो. बायको वैतागते.

विहिरीवरचा

गाडीचा नाही, पाण्याच्या इंजिनचा अनुभव चालेल का? वडिलांच्या वेळचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. पंपाच्या पाइपातूनच एक बारीक नळी इंजिनला जाते, पाणी जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून, फिरतं आणि पाटात पडतं. फिटरने पिस्टन-रिंगा टाकल्या, व्हॉल्व्ह घासले आणि तेच ऐकवलं, टाइट आहे. तासाभरात इंजिन दम खायला लागलं, ऑइलचा वास सुटला.

वडील बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरायचे. हात धरवला पाहिजे, पण फार वेळ नाही, हे त्यांचं माप. त्या दिवशी त्यांनी लगेच हात ओढला. कॉक पूर्ण उघडा होता आणि धार मात्र करंगळीएवढी. आमचं पाणी खारं. जॅकेटचं झाकण खोललं तर आत खापरीसारखा पांढरा थर, स्क्रू ड्रायव्हरने ठोकून काढावा लागला. अर्धं घमेलं निघालं. म्हणजे आतलं सगळं नवं केलं आणि पाण्याची वाट वीस वर्षं जुनीच ठेवली. कामाआधी इंजिन ओढत होतं कमी, म्हणून तापतही कमी होतं. दम आला आणि दुखणं उघडं पडलं.

आरएक्स १००

टू-स्ट्रोकवाल्यांनो, तुमच्याकडे पाणीच नाही म्हणून निवांत राहू नका. रीबोअर करून आणली, सत्तरच्या वेगात हायवेवर मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो. ऑइल पंपाची नळी काढून परत लावली होती आणि आतली हवा काढलीच नव्हती. पारदर्शक नळीत बुडबुडा नुसता दिसत होता, पिस्टनला ऑइल पोचतच नव्हतं. पिस्टनवर उभ्या रेघा, पुन्हा बोअर. शिवाय ब्लॉक ‘चकाचक’ करायला फिनांवर (उष्णता बाहेर सोडणाऱ्या पात्यांवर) काळ्या रंगाचे जाड हात मारले होते. उष्णता जाणार कुठून?

पाना नंबर बारा

मी स्वतः गॅरेज चालवतो. शिव्या वाचल्या, बऱ्याचशा कबूल. पण गिऱ्हाईक इंजिनला हजारो रुपये देतं आणि रेडिएटर आतून साफ करू म्हटलं की तोंड वाकडं करतं. गंजाचा गाळ तसाच राहतो.

टाइट इंजिन थोडं जास्त तापतं हे खोटं नाही. नव्या रिंगा घासतात, काटा पहिले काही दिवस एक रेघ वर राहू शकतो. पण पाणी उकळलं तर ते टाइटपण नव्हे, दुसरं काहीतरी चुकलंय. आमच्याच हातून होणारं सांगतो. पोरगं सांध्यांना सिलिकॉन श्रीखंडासारखं लावतं, जास्तीचं आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना करंट वाटणारा) एक दात चुकून बसतो, टायमिंग मागे पडतं म्हणजे ठिणगी उशिरा पडते, गाडी ओढत नाही आणि तापते. आणि सगळ्यात जास्त वेळा एअर लॉक, म्हणजे पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा. कुलंट भरून झाकण लावलं की काम संपलं असं वाटतं. गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटर गरमवर करा, झाकण उघडं ठेवून थंड गाडी चालू करा. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते, तेवढं परत भरा.

थर्मोस्टॅटची शंका असेल तर पातेल्यात उकळून बघा. डोळ्यांदेखत उघडतो.

नवीन सभासद

झाकणाबद्दल एक. मी गरम गाडीचं उघडलं होतं. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटल्याबरोबर सगळं एकदम वर आलं. मनगटावर डाग अजून आहे.

कात्रजकर

माझी सध्या तापतेय, काम होऊन नऊ दिवस झालेत. आत्ता खाली जाऊन कागद लावून आलो. चिकटतोय.

पाना नंबर बारा

मग सकाळी पूर्ण थंड असताना झाकण काढून चालू करा. बुडबुडे थोडा वेळ येऊन थांबले तर हवा होती. थांबलेच नाहीत, रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. मग हेड उतरवायचं. फेस मारला होता का?

कात्रजकर

बिलात लिहिलाय. मारलाय का ते उद्या विचारतो.