मदत हवी आहे: पात्रात नट घुसलाय!
मंडळी, दीर्घकथेचा आराखडा करतेय. साखर कारखान्याचा चेअरमन डोळ्यांपुढे यावा म्हणून निळू फुलेंना त्या खुर्चीत बसवलं. पहिली २० पानं झरझर झाली. आता मात्र माणूस माझं ऐकेना! मला तो घाबरट, बायकोला विचारून सही करणारा हवाय. कागदावर उतरतो तो 'सामना' चित्रपटात (१९७५) त्यांनीच रंगवलेला दांडगा हिंदुराव. तीच नजर, तोच घोगरा आवाज. (कथेतल्या मास्तरांच्या जागी डॉ. श्रीराम लागू होते, त्यांना वेळीच हलवलं. मास्तर आता माझ्या मामासारखे चालतात, झकास.)

तुम्ही नट मनात धरून लिहिता का? त्याला बाहेर कधी काढता? चेहरा ठेवून आवाज दुसऱ्याचा लावला तर जमतं? की भूमिका सोडून खरा माणूसच घ्यावा? प्रत्यक्षातले निळूभाऊ तर राष्ट्र सेवा दलातले, साधे. ते चेअरमन झाले तर?