उत्तर : उघड गैरप्रकार केवळ गलथानपणातून होतात का?

निवडणुकीतले उघड, सहज पकडले जाणारे गैरप्रकार केवळ गलथानपणातून होतात, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. बेलारूसमध्ये ऑगस्ट 2020 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांना 80 टक्क्यांहून अधिक मते जाहीर झाली. प्रत्यक्षात अनेक विरोधी मतदारांनी मतपत्रिका पंख्यासारख्या चुण्या घालून पेटीत टाकल्या होत्या आणि मतपत्रिकांची छायाचित्रे स्वतंत्र मोजणीसाठी पाठवली होती. काही केंद्रांवर ही छायाचित्रेच विरोधी उमेदवाराच्या अधिकृत मतांपेक्षा जास्त भरली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बरीच केंद्रे सरकारी शाळांत होती आणि मोजणीला तिथलेच शिक्षक बसत, ज्यांची नोकरी सरकारच्या हाती होती. खोट्या निकालपत्रावर सही करणारा शिक्षक त्याच वस्तीत राहतो, पालक त्याला ओळखतात. त्यामुळे राजवट बदलली तर जाब आपल्यालाही द्यावा लागेल, ही भीती त्याला सत्तेशी बांधून ठेवते. बेमालूम फसवणुकीने हा दबाव निर्माण झाला नसता.