सात सीटर फॅमिली गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज कोणतं धरायचं?

प्रश्न: पेट्रोल मिनीव्हॅन आहे. डिस्प्ले १६ दाखवतो, टाकीच्या हिशोबाने १३.५ पडतं. खरं कोणतं?

उत्तर १: टाकीचं. डिस्प्लेचा आकडा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) किती वेळ उघडा राहतो त्यावरून काढलेला अंदाज असतो, बहुधा थोडा चढाच. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा, वर एक थेंबही नको. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ४८६ किमी भागिले ३६ लिटर म्हणजे १३.५. मात्र एका टाकीवर जाऊ नका. कट थोडा मागेपुढे होतो, म्हणून तीन-चार टाक्यांचे किमी आणि लिटर वेगवेगळे बेरजून मग भागा.

उत्तर २: अ‍ॅव्हरेज वाढवायचं असेल तर टायर थंड असतानाच त्यातली हवा तपासा. फुल लोडचा आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. रिकामं रूफ कॅरिअर आधी उतरवा; उंच गाडीला ८० च्या पुढे समोरच्या वाऱ्याचा विरोधच जास्त पेट्रोल खातो.

उत्तर ३: दोन-तीन किमीच्या फेऱ्या असतील तर इंजिन तापतच नाही, अ‍ॅव्हरेज पडणारच. आणि फिरवून आणल्यावर एकच रिम जास्त तापलेली वाटली (हात जवळ न्या, टेकवू नका), तर बहुधा कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम असतात. साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावून घ्या.