बातमी आणि मूळ शोधनिबंध

वृत्तपत्रांतील विज्ञानाच्या बातम्या अतिरंजित असतात, म्हणून विद्यार्थ्यांनी त्या वाचूच नयेत, हे काही जणांचे मत मला पटत नाही. अतिरंजनाची तक्रार मात्र रास्त आहे. इंदूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना आम्ही काही जण बातमी आणि तिचा मूळ शोधनिबंध शेजारी ठेवून वाचतो, आणि त्यातून जे हाती लागते ते नुसत्या पाठ्यपुस्तकातून लागले नसते. सप्टेंबर २०११ मधली न्यूट्रिनोंची, म्हणजे विद्युतभार नसलेल्या अतिशय हलक्या मूलकणांची, बातमी घ्या. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश) लवकर पोहोचल्याचे मोजमाप निघाले आणि प्रकाशाहून वेगवान काहीच नसते म्हणणाऱ्या आइन्स्टाइनला धक्का बसल्याचे मथळे झळकले. हे मोजमाप करणाऱ्या ऑपेरा या संशोधक गटाच्या निबंधाच्या अखेरीस मात्र, या निकालाचा कोणताही सैद्धांतिक अर्थ लावणे आम्ही जाणीवपूर्वक टाळत आहोत, असे स्वच्छ लिहिलेले होते. माझ्या मते मथळ्याइतक्याच ठळकपणे हे वाक्य छापायला हवे होते. पुढे २०१२ मध्ये, वेळेचा संकेत वाहून नेणाऱ्या प्रकाशीय तंतूची नीट न बसलेली जोडणी हे त्या फरकाचे मुख्य कारण ठरले, आणि ग्रान सासो येथीलच इकॅरस प्रयोगालाही न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान आढळले नाहीत.