वृद्धाश्रमाचं काम हाती घेण्याआधी कोणतं प्रशिक्षण घेऊ? सल्ला हवा

रानजाई:
नमस्कार मंडळी. मी बीकॉम, पतसंस्थेत बारा वर्षं हिशेबाचं काम केलं. आता सिन्नरजवळच्या एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात व्यवस्थापक म्हणून विचारणा झाली आहे. चाळीस आजी-आजोबा, त्यातले नऊ जण अंथरुणाला खिळलेले. विश्वस्त म्हणतात, "ताई, तुमचा हिशेब पक्का आहे, बाकीचं येईल हळूहळू." मला ते पटत नाही. सासूबाईंचं शेवटचं दीड वर्ष मी घरी केलं आहे. एका माणसाचं करताना किती चुकतं ते ठाऊक आहे. या पदाला परवाना, परीक्षा असं काही असतं का? नसेल तर काय शिकून जाऊ?

कचेरीकर:
ताई, वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने अमुक परीक्षा दिलीच पाहिजे, असा परवाना आपल्याकडे नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 19 मध्ये सरकारने जिल्ह्याला निदान एक, 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम काढावा असं म्हटलंय आणि तो कसा चालावा याचे निकष राज्यावर सोपवलेत. आश्रमांची नोंदणी आणि किमान निकष आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, पण मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं.
मात्र नऊ जण अंथरुणाला आहेत म्हणता. दुखणाईतांना ठेवून तिथेच उपचार आणि शुश्रूषा होत असेल, तर 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचा प्रश्न येतो. रुजू होण्याआधी विचारा: ती नोंदणी आहे का, फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) कधीची आहे, सुया आणि ड्रेसिंगचा कचरा कोण नेतं. संकोच करू नका, उद्या कागदावर सही तुमची असणार.

पारिजात:
मी अकरा वर्षं वृद्धाश्रमात अधीक्षक आहे. कोर्सचं सांगते, पण आधी दुसरं. कुठल्या तरी चांगल्या आश्रमात पंधरा रात्री काढा. दिवसा सगळेच आश्रम छान दिसतात. रात्री दोन वाजता हाक मारल्यावर मावशी किती वेळात येते, बाथरूमच्या वाटेवर दिवा असतो का, लघवीला उठलेल्या आजोबांना धरायला कोणी आहे का, हे तेव्हाच कळतं. पडणं बहुतेक तिथेच होतं, आणि खुबा मोडला की माणूस पुन्हा पूर्वीसारखं चालेल याची खात्री नसते.
अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायला स्वतः शिका. साधारण दर दोन तासांनी, आणि वळवताना टाचा, माकडहाड, खुबे बघायचे. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडली आणि ती फिकी पडली नाही, तर जखम सुरू झाली समजा. ती चोळायची नाही. आमच्याकडच्या चांगल्या चांगल्या मावशी मायेने तेल चोळत असत, त्याने आतली कातडी आणखी फाटते.
तिसरं औषधांचं. मी आधी जिथे होते तिथे दोन कुसुमआजी होत्या. सकाळच्या घाईत एकीची शुगरची गोळी दुसरीला गेली. अकराच्या सुमारास ती माउली घामाने थबथबलेली, बोलणं अडखळतंय. साखरेचं पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं, वाचली. मावशीने नाव विचारलं होतं आणि आजी "हो" म्हणाल्या होत्या. विसरभोळ्या माणसाच्या "हो"वर औषध देऊ नये, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून डबीवर फोटो, खाली वेळ, आणि गोळी गिळलेली बघूनच वहीत सही.
आता कोर्स. दिल्लीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल डिफेन्स ही केंद्राची संस्था ज्येष्ठसेवेचे कोर्स चालवते, एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेपासून थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणापर्यंत. तुम्हाला आत्ता छोटं पुरे. प्रथमोपचारासाठी सेंट जॉन अँब्युलन्स. मावशींसाठी जनरल ड्युटी असिस्टंटचं, म्हणजे रुग्णाची रोजची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचं, प्रमाणपत्र आहे; ट्रस्टला त्यांची फी भरायला लावा. आणि 14567 हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर ऑफिसच्या भिंतीवर नको, जेवणघरात लावा. तो तक्रारीलाही आहे, आश्रमाच्या सुद्धा.

सॅन होजेची सून:
मी कॅलिफोर्नियात वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र घेतलंय, म्हणून लिहिते. नर्सिंग होमचा परवाना इथेही निराळा आणि खूप अवघड; मी सांगतेय ते साध्या निवासी आश्रमांचं, ज्यातले कितीतरी सहा जणांचे, वस्तीतल्या घरात चालणारे असतात. 80 तासांचं प्रशिक्षण, मग राज्याची परीक्षा, पास व्हायला 70 टक्के. दर दोन वर्षांनी आणखी 40 तास, त्यातले किमान 8 डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे). हे प्रमाणपत्र तिकडे चालणार नाही, पण तो 8 तासांचा नियम तुम्ही स्वतःला लावून घ्या. माझा सगळ्यात उपयोगी पडलेला भाग तोच. "मला घरी जायचंय" म्हणणाऱ्या आजींना "हेच तुमचं घर" असं सांगून काही होत नाही. घरी कोण कोण आहे ते विचारत त्यांच्याबरोबर चार पावलं चालावं.

रानजाई:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! एक भीती आहे. तिथल्या मावशी पंधरा पंधरा वर्षं जुन्या. तेल चोळू नका हे मी नवखी कशी सांगणार?

पारिजात:
पहिले आठ दिवस काही सांगू नका. त्यांच्याबरोबर अंघोळी घाला, चादरी बदला. कुठल्या आजोबांचा कुठला हात दुखतो हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत असतं, ते वहीत उतरवून घ्या. मग नर्सबाईंना बोलावून सगळ्यांनी मिळून शिका, तुम्हीसुद्धा त्यांच्याच ओळीत बसून.

रानजाई:
विश्वस्तांशी बोलले. सहा आठवडे मिळाले आहेत आणि नाशिकच्या एका आश्रमाने रात्रपाळीला यायला हो म्हटलंय. मावशींच्या फीचं पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. नर्सिंग होम नोंदणीचा कागद मागितला, "बघून सांगतो" असं उत्तर आलं. तो हातात येईपर्यंत होकार कळवत नाही.